नाताळच्या एका दुपारीपलीकडे: अनाथ मुलांशी नाते जोडू पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की बालगृहांच्या अधीक्षकांचे फोन वाजू लागतात. कोणा मंडळीच्या तरुण संघाला मुलांना केक द्यायचा असतो, कोणा महिला मंडळाला फराळ न्यायचा असतो, कोणा कुटुंबाला आपल्या लेकराचा वाढदिवस तेथे साजरा करायचा असतो, आणि बहुतेकांना तारीख हवी असते ती २३ ते २५ डिसेंबरमधलीच. त्या तीन दिवसांत मुलांच्या पोटात इतके गोड जाते की रात्रीचे जेवण ताटात तसेच राहते. जानेवारी संपला की मात्र त्या फाटकातून सहसा कोणी आत येत नाही. यात कोणाच्याही हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दयेच्या कामाला वेळापत्रक लागते, थोडा कायदा माहीत असावा लागतो आणि आपल्या घरातील मुलांचीही तयारी करून घ्यावी लागते, या गोष्टी आपल्या मंडळ्यांतून क्वचितच कोणी सांगते. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून त्या येथे मांडल्या आहेत.

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सत्ताविसावे वचन आपल्यापैकी बहुतेकांना शब्बाथ शाळेपासून पाठ असते. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांची विचारपूस करणे याला तेथे शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. त्या मानाने बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायावर प्रवचने कमी होतात, आणि प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने मला तोच भाग अधिक उपयोगी वाटतो. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षमळ्यात मागे राहिलेली फळे पुन्हा वेचू नयेत. परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ती राहू द्यावीत, असा तो नियम आहे. त्यात शेताचा मालक बांधावर उभा राहून वाटप करत नाही आणि घेणाऱ्याला रांगेत उभे करून त्याच्याकडून आभाराचे चार शब्द वदवून घेत नाही. घेणारा स्वतःच्या हाताने वेचतो आणि घरी नेतो. पुढे जे काही सुचवले आहे, ते या नियमाला धरून आहे.

दुसरा आधार आपल्या अगदी जवळचा, दौंड तालुक्यातील केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंनी स्वतः १८७४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, उपासमारीने आईवडील गमावले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथील मुलींना घेऊन आल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना अन्न आणि छप्पर मिळाले हे तर झालेच, पण त्याचबरोबर तेथे शाळा होती, शेती होती, विणकाम होते आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापण्याच्या कामात त्या मुलींचे हात होते. मुलगी मोठी होऊन कशाच्या बळावर उभी राहील, हा प्रश्न तेथे पहिल्या घासाबरोबरच विचारला जात होता, आणि आपल्या भेटींच्या नियोजनात बहुतेक वेळा तोच राहून जातो.

जाण्यापूर्वी

बालगृहातील सगळी मुले आईवडील नसलेलीच असतात हा समज आधी सोडून द्यावा. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात. कोणाची आई एकटी आणि आजारी असते, कोणाचे वडील तुरुंगात किंवा व्यसनात असतात, कोणी घरातून निघून रेल्वे स्थानकावर सापडलेले असते. त्यामुळे मुलांसमोर ‘अनाथ’ हा शब्द उच्चारू नये, आणि मंडळीच्या नावाच्या फलकावर तर तो मुळीच लिहू नये.

संस्था कोणती निवडावी, याचा निर्णय ओळखीवर सोडू नये. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, मग ती सरकारी असो, एखाद्या न्यासाची असो वा चर्चची असो. ‘पाळकसाहेबांच्या परिचयाचे आहेत’, ‘फादर स्वतः पाहतात’ ही उत्तरे नोंदणी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी केली की कोणती संस्था नोंदणीकृत आहे ते कळते. तेथील मुले बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीच्या, आदेशाने राहतात का, हेही संस्थेला मोकळेपणाने विचारावे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट असे विचारणारा देणगीदार पुढच्या वर्षीही टिकेल, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. ज्या घरात मुले ठेवली आहेत पण कागद दाखवायला कोणी तयार नाही, तेथे देणगी देणे म्हणजे ती बेकायदा व्यवस्था आपण होऊन चालवण्यासारखे आहे, मग भिंतीवर क्रूस असला तरीही.

काय द्यावे, हे आपण घरी बसून ठरवू नये. अधीक्षकांना फोन करून ‘या महिन्यात कशाची अडचण आहे?’ असे विचारले की जी उत्तरे मिळतात ती आपल्या कल्पनेपेक्षा फार वेगळी असतात. मुलींसाठी सॅनिटरी पॅड, सर्वांसाठी अंतर्वस्त्रे, खोबरेल तेल, खरजेचे मलम, चादरी, गॅस सिलिंडरचे पैसे, एखाद्या मुलाच्या चष्म्याचा खर्च किंवा दहावीच्या मुलांसाठी गणिताची शिकवणी, अशा या गरजा असतात. चपलांचेच उदाहरण घ्या. एकाच मापाच्या चपला घाऊक आणल्या तर मोठ्या मुलांच्या टाचा मागे लोंबतात आणि लहान मुले अंगठा आत रोवून, पाय फरफटत चालतात. चार दिवसांत त्या चपला दाराशी पडून राहतात. त्याऐवजी एका शनिवारी जाऊन प्रत्येकाच्या पायाचे माप कागदावर आखून घेतले आणि पुढच्या शनिवारी कागदावर लिहिलेल्या नावानिशी जोड नेऊन दिले, तर खर्च तेवढाच होतो आणि चप्पल वर्षभर पायात राहते. जुने कपडे न्यायचेच असतील, तर आपल्या मुलाच्या अंगावर रविवारच्या उपासनेला घालू असेच न्यावेत. रोख रक्कम कोणाच्या हातात न देता संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती घ्यावी. धान्य व वस्तू कार्यालयात नोंदवून द्याव्यात. मुलाच्या हातात परस्पर काहीही, विशेषतः पैसे, देऊ नयेत.

भेटीचा दिवस

चार-पाच माणसांनी जावे. पन्नास जणांची बस भरून गेलेली मंडळी मुलांच्या वाट्याला येत नाही. ती आपापसांतच बोलत राहते. मुलांची शाळा, अभ्यास आणि खेळ यांची वेळ आधी विचारून घ्यावी आणि आपल्या सोयीसाठी ती बदलायला लावू नये. गेल्यावर करण्यासारखे काहीतरी हातात असावे. करंज्या घरून तयार करून नेण्यापेक्षा सारण आणि लाट्या नेऊन मुलांबरोबर करंज्या भराव्यात, नाताळची चांदणी बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद नेऊन तेथेच बांधावी, क्रिकेटचे दोन संघ करावेत. हात गुंतलेले असले की बोलणे आपोआप सुरू होते. स्वागताच्या कार्यक्रमासाठी मुलांना आठवडाभर आधीपासून नाच बसवायला लावणे, त्यांना ओळीत बसवून आपण खुर्च्यांवर बसणे आणि शेवटी एका मुलीला आभार मानायला उभे करणे, हे सर्व सरळ बंद करावे. आपल्या सभांतून साक्ष देण्याची प्रथा आहे. कोणत्याही मुलाला त्याच्या दुःखाची साक्ष द्यायला सांगू नये.

छायाचित्रांबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला फोटो हादेखील लोकांसमोर गेलेलाच फोटो असतो, असे समजून चालावे. फोन पिशवीत ठेवून जाणे सर्वांत सोपे. अहवालासाठी चित्र हवेच असेल तर भरलेल्या करंज्यांच्या ताटाचे घ्यावे.

मुलाला ‘तुझे आईवडील कुठे आहेत?’ हा प्रश्न विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे आणि ते आपल्यापाशीच ठेवावे. ‘पुन्हा येईन’ हे वाक्य तारीख ठरलेली असल्याशिवाय तोंडातून काढू नये, कारण या मुलांनी ते फार वेळा ऐकलेले असते आणि ती त्यावर विश्वास ठेवत नसली तरी त्या रविवारी फाटकाकडे पाहतात.

प्रार्थनेविषयी स्पष्ट असणे बरे. बालगृहातील मुले वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून आलेली असतात, त्यांचे पालकत्व आपल्याकडे नसते, आणि केक खाऊन झालेले मूल ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीतही नसते. म्हणून भेटवस्तूबरोबर पत्रिका देणे, जेवणाआधी सर्वांना आपली प्रार्थना म्हणायला लावणे किंवा बायबलची वचने पाठ करण्यासाठी बक्षिसे ठेवणे, हे कायद्याच्या भीतीने नव्हे तर सद्सद्विवेकाने टाळावे. आपण आपल्या ताटावर डोळे मिटून कृतज्ञता व्यक्त करावी. मुलाने विचारले की तुम्ही काय केले, तर साधे, खरे उत्तर द्यावे. येशूने कितीतरी आजारी माणसांना त्यांची मते न तपासताच बरे केले.

एक वार, एक काम

भेटीचे नाते व्हायचे असेल तर कुटुंबाने एकच काम निवडावे आणि ते वर्षभर करावे. आठवड्यातून एक तास इंग्रजी वाचन, महिन्यातून एकदा केस कापण्यासाठी ओळखीचा कारागीर घेऊन जाणे, दर तीन महिन्यांनी दातांच्या तपासणीसाठी मंडळीतील दंतवैद्याला बरोबर नेणे, यांपैकी काहीही चालेल. दहा कामे हाती घेऊन मार्चमध्ये दमण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. नियमितपणे मुलांमध्ये वावरणाऱ्या स्वयंसेवकांची ओळखपत्रे आणि पोलीस पडताळणी संस्था मागते. ती मागितली तर अपमान वाटून घेऊ नये, आणि मागितली नाही तर आपण होऊन द्यावी. कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये, हा नियम पाळकांनाही लागू आहे.

वाढदिवसाचे एक वेगळेच असते. ज्या मुलांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते, त्यांच्या कागदांवर बहुधा १ जून किंवा १ जानेवारी अशी तारीख घातलेली असते. शाळेच्या सोयीसाठी पडलेल्या त्या तारखेशी मुलाचे काहीच नाते नसते. अधीक्षकांच्या संमतीने अशा मुलाला आपला दिवस स्वतः निवडू द्यावा. कोणी पाऊस पडतो तो दिवस सांगेल, कोणी भारताने सामना जिंकला तो. तो आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि त्या दिवशी न चुकता जावे, केक लहान असला तरी चालतो. आपल्या लेकराचा वाढदिवस बालगृहात साजरा करण्याची पद्धत मला फारशी पटत नाही. दुसऱ्याच्या मेणबत्त्यांना टाळ्या वाजवणे हे तेथील मुलांचे काम नव्हे.

नाताळला किंवा ईस्टरला एखाद्या मुलाला दोन दिवस घरी आणावे असे पुष्कळांना वाटते. संस्थेच्या आणि बालकल्याण समितीच्या लेखी परवानगीशिवाय मूल आवाराबाहेर नेऊ नये. परवानगी मिळाली तरी पहिल्याच वर्षी ते करू नये, अशी माझी शिफारस आहे: दोन दिवस आईच्या हातचे जेवून परत गेलेले मूल आठवडाभर कोणाशी बोलत नाही, आणि त्याचा भार तेथील काळजीवाहू ताईंवर पडतो.

आपल्या घरातील मुले

कौटुंबिक प्रार्थनेत या मुलांची आठवण करावी, पण करुणेचा स्वर लावून नव्हे. ‘ज्यांना कोणी नाही त्यांना सांभाळ’ असे रोज म्हणण्यापेक्षा ‘उद्या गणिताचा पेपर आहे त्या मित्राला शांत ठेव’ असे म्हटले की आपल्या मुलाच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. उपवासकाळात चाळीस दिवस घरातील एक चैन, समजा शीतपेय किंवा बाहेरचे खाणे, बंद ठेवून वाचलेले पैसे एका डब्यात टाकावेत आणि डबा फोडताना ते कशावर खर्च करायचे हे मुलांना ठरवू द्यावे. त्यांनी फुटबॉल ठरवला तर फुटबॉलच न्यावा.

‘बघ, त्यांना आईबाप नाहीत आणि तुला भाजी आवडत नाही’ हे वाक्य घरात कधीही उच्चारू नये. त्याने आपले मूल कृतज्ञ होत नाही, ते त्या मुलांचा राग करू लागते. आई दर शनिवारी दुसऱ्या मुलांना शिकवायला जाते म्हणून लेकीला मत्सर वाटला, तर तोही स्वाभाविक आहे. तिच्यासाठी आठवड्यातील दुसरा एक तास राखून ठेवावा.

आपल्याच मंडळीतील मूल

माझ्या मते सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम येथे आहे. वडील अपघातात गेले, आई आजाराने गेली आणि दोन नातवंडे आजीच्या पदरात पडली, असे एखादे घर बहुतेक मंडळ्यांत असते. काही महिन्यांनी कोणीतरी सुचवते की मुलांना बोर्डिंगात किंवा बालगृहात टाका, निदान दोन वेळचे जेवण तरी मिळेल. आजीचा जीव तुटतो, पण ती कबूल होते. गरिबी हे एकच कारण असेल तर मुलाला संस्थेत घालणे हा शेवटचा उपाय असावा, असे बाल न्याय अधिनियमातही तत्त्व म्हणून सांगितले आहे. मूल घरात राहावे यासाठी शासनाचे पैसे उपलब्ध आहेत, ते आजीपर्यंत पोहोचत नाहीत इतकेच.

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये आहे. आपल्या मुलाला यांपैकी कोणती योजना लागू होते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. दोन्ही एकदम मिळतील असे गृहीत धरू नये.

अडते ते कागदांवर. आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रे घेऊन येते आणि मग लक्षात येते की रेशनकार्डावर मुलाचे नाव समीर आहे, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सॅम्युएल आहे आणि आधार कार्डावर आडनावच वेगळे पडले आहे. आपल्या समाजात घरचे, शाळेचे आणि मंडळीचे अशी दोन-तीन नावे असणे नवीन नाही, पण खिडकीपलीकडच्या लिपिकाला ते पटत नाही. आईचा दफनविधी मंडळीच्या पुस्तकात व्यवस्थित नोंदलेला असतो, तरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मृत्यूची नोंदच केलेली नसते. आणि मंडळीचा दफन दाखला हा मृत्यू प्रमाणपत्र म्हणून चालत नाही. म्हणून पाळकसाहेबांनी दफनविधीनंतर एकवीस दिवसांच्या आत सरकारी नोंद झाली की नाही हे घरी जाऊन विचारण्याचा परिपाठ ठेवावा. पुढे मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा बँकेतील तरुणाने आजीबरोबर बसून मृत्यू प्रमाणपत्रे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, मुलाचे आणि आजीचे आधार, बँक पासबुक आणि घरासमोर काढलेला फोटो एवढे एका फाइलमध्ये लावावे, नावांतील फरक दुरुस्त करून घ्यावेत आणि अर्ज दाखल होईपर्यंत तिच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी जावे. यात त्याची रजा जाईल, प्रवासखर्च होईल, दोनदा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकावे लागेल. मंडळीने नाताळच्या जेवणाच्या खर्चातून हा प्रवासखर्च द्यावा. पैसे खात्यात जमा व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत किराणा कोणी भरायचा, हेही पंचकमिटीने आधीच ठरवून ठेवावे आणि उपासनेत त्याची घोषणा करू नये.

दोन्ही पालक नसलेल्या मुलासाठी अनाथ प्रमाणपत्राचा अर्जही याच सुमारास करावा. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण सुरू केले. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या आठवड्यात हे प्रमाणपत्र आठवले तर फार उशीर झालेला असतो.

प्रतिपालन आणि दत्तक

काही कुटुंबांच्या मनात याहून पुढचे पाऊल असते. प्रतिपालनात, म्हणजे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ खालील कुटुंबाधारित संगोपनात, मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळ आपल्या घरी राहते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेतील सहा वर्षांवरील मुलांचा त्यासाठी विचार होतो, एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, आणि दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर ते मूल दत्तक घेण्याचा मार्गही खुला होऊ शकतो. या काळात आपण मुलाचे कायदेशीर आईवडील नसतो. त्याचे नाव बदलणे किंवा बाप्तिस्मा देणे हे निर्णय आपले नाहीत, असे समजून वागावे.

दत्तकाबाबत आपल्या समाजात अजूनही एक जुना समज आहे की ख्रिस्ती माणसाला मूल दत्तक घेता येत नाही. तो एके काळी खरा होता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता, म्हणून ख्रिस्ती दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्व घेत. मूल अठरा वर्षांचे झाले की ते कायदेशीर नाते संपे आणि वारसाहक्क आपोआप मिळत नसे. कितीतरी घरांत त्यावरून भावकीचे तंटे झाले. शबनम हाशमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, आणि २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये ‘कोणत्याही धर्माचे’ असा उल्लेखच आला. आता दत्तक मुलाचे हक्क पोटच्या मुलाइतकेच असतात.

अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर करायचा असतो. विवाहित जोडप्याचे किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असावे लागते. दोन वर्षांखालील मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, दोन ते चार वर्षांसाठी ती ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० पर्यंत चालते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. नोंदणीनंतर समाजसेवक घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात, क्रम आला की मुलाची माहिती दाखवली जाते आणि ते मूल राखून ठेवण्यासाठी ४८ तास मिळतात. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे, २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. लहान, निरोगी बाळासाठी काही वर्षे थांबावे लागते. थोडे मोठे मूल, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजा असलेले मूल स्वीकारण्याची मनापासून तयारी असेल तर प्रतीक्षा बरीच कमी होते. पाळकांचे शिफारसपत्र रांगेत पुढे नेत नाही.

आणि रांग चुकवण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळावा. ‘दवाखान्यात एक बाळ आहे, आई सोडून गेली’ असा निरोप कोणी आणला, तर ते बाळ घरी आणणे हा कलम ८० खालील गुन्हा ठरू शकतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे दिले-घेतले गेले असतील तर तो त्याहून गंभीर. चर्चच्या पायरीवर किंवा कोठेही बाळ सापडले तर लगेच १०९८ वर किंवा पोलिसांना कळवावे. अशी माहिती चोवीस तासांच्या आत देणे कायद्याने बंधनकारक आहे. पाळकीणबाईंकडे कधी एखादी अविवाहित मुलगी रडत येते, तिला बाळ वाढवता येणार नसते. तिला सांगावे की बालकल्याण समितीसमोर मूल कायदेशीरपणे स्वाधीन करता येते, तिचे नाव गुप्त राहते आणि निर्णय बदलण्यासाठी तिला दोन महिने मिळतात. तिच्याबरोबर समितीसमोर कोणीतरी जावे.

दत्तक आदेश झाल्यावर बाळाचा बाप्तिस्मा इतर बाळांसारखाच करावा, वेदीवरून त्याची कहाणी सांगू नये. ती त्याची त्याला मात्र लहानपणापासून घरातच, झोपताना सांगावी. शेजारणीच्या तोंडून कळायला नको.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

बालगृहातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला ते घर सोडावे लागते. अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृह सोडलेल्या तरुणांच्या निवासाची, आणि एकवीस वर्षांपर्यंतच्या सहाय्याची तरतूद कायद्यात आहे, पण अनुरक्षणगृहे थोडीच आहेत, आणि याच वयात केक घेऊन येणारे सगळे गायब झालेले असतात. आपली आणि मुलाची पाच-सहा वर्षांची ओळख झाली असेल तर ती आता उपयोगी पडते. खोली भाड्याने घेताना अनामत रक्कम उसनी द्यावी आणि घरमालकाशी बोलायला त्याच्याबरोबर जावे, कारण ‘गाव कुठले, वडील काय करतात’ या प्रश्नावर पुष्कळांना दाराबाहेरच उभे राहावे लागते. बँकेचे खाते, मतदार ओळखपत्र, पॅनकार्ड आणि गॅस जोडणी एकदा शेजारी बसून करून द्यावी. आयटीआय किंवा परिचारिका अभ्यासक्रमाची फी भरायची असेल तर ती संस्थेत थेट भरावी. रविवारी दुपारी जेवायला यायचे ठरवून ठेवावे, आणि आला नाही तर सोमवारी फोन करावा. लग्न ठरले तर मुलाकडून बोलणी करायला घरातील कर्त्या बाईने आणि पुरुषाने बसावे. नोकरीच्या अर्जात तातडीच्या संपर्कासाठी एका व्यक्तीचे नाव, नाते आणि दूरध्वनी क्रमांक लिहायचा रकाना असतो. तेथे आपले नाव लिहायला त्याला सांगावे, आणि नात्याच्या जागी काय लिहायचे ते त्याला ठरवू द्यावे.